मिस्त्रींची कोरी खुर्ची

आमचे मिस्त्री बसत नसत. तुम्ही म्हणाल, कामाचा माणूस, कमी बसत असेल. तसं नव्हे. बसतच नसत. पुसदहून महागावकडे निघालं की डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्या गॅरेजात मधोमध एक खुर्ची होती. लाकडी, हातांची, जाड गादीची. दुकानातून आणली त्या दिवशीचं प्लास्टिक आठ वर्षांनंतरही तिच्या अंगावर होतं. नवं गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं की मिस्त्री हातातला पाना न थांबवता म्हणत, "ते नाई भाऊ. टायरवर बस."

स्वतः टायरवरही बसत नसत. चहा चालत चालत पीत. जेवण उभ्याने, डबा बॉनेटवर ठेवून. त्यांच्याशी बोलायचं तर सोबत चालावं लागे, आणि बोलणं लांबलं तर गाव बदले. मी एकदा ब्रेकच्या तेलाबद्दल साधा प्रश्न विचारला. उत्तर संपलं तेव्हा समोर दुसऱ्याच ग्रामपंचायतीचा फलक होता. त्यांची दाढी करताना न्हावी खुर्चीभोवती नव्हे, चौकाभोवती फिरे. लग्नात सात फेरे झाले तरी हे थांबेनात, शेवटी अकराव्या फेऱ्याला सासऱ्यांनी कमरेला मिठी मारून थांबवलं, असं मी गावभर सांगत असे. यातली न्हाव्याची गोष्ट जवळपास खरी आहे. लग्नाची मी रचलेली होती, आणि ती मला पुढे महागात पडली.

माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. अशा माणसाने ट्रॅक्टर घ्यावा, फार तर जीप घ्यावी. मी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. का घेतली, हे बायकोने विचारलं तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. ती जमिनीला इतकी टेकलेली होती की चौकात शेजारी उभी राहिलेली शेळी माझ्याकडे वरून बघे. पहिल्याच दिवशी पानवाल्याने विचारलं, "भाऊ, बाकीची गाडी मागून येऊन राह्यली काय?"

गावातला एकही गतिरोधक तिला ओलांडता येत नसे. म्हणून मी तिला हायवेवर नेई आणि तिथे तिचा, माझा आणि समोरून येणाऱ्या सगळ्यांचा जीव मोकळा करी. एका सकाळी समोर कापसाने लादलेली बैलगाडी आडवी आली. मी तिला चुकवलं की तिने मला, हे त्या बैलांनाच ठाऊक. मी गाडीसकट तुरीत शिरलो. दीड एकर तूर आडवी झाली असं शेतमालक आजही सांगतो. चार ओळी असतील.

ट्रॅक्टर घेऊन मला ओढायला मिस्त्री आले. आधी त्यांनी गाडीवानाला विचारलं, "बैल ठीक हायेत?" मग लाल गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मग वाकून चाकाखाली पाहिलं. मी आहे की नाही याची चौकशी शेवटी झाली.

"कितीनं चालला होता?"

"साठ," मी म्हटलं.

मिस्त्री रस्त्याच्या कडेपासून गाडीपर्यंत आडव्या तुरीतून पावलं मोजत आले. "एकशे चाळीस," म्हणाले. "तूर खोटं बोलत नाई."

तिथेच, तुरीत, त्यांनी मला अट घातली. "हे गाडी रोडची नाई, आन तू बी रोडचा नाई. इकून टाक, नाईतर मी हिले शर्यतीच्या ट्रॅकची करून देतो. तिथी समोरून बैल येत नाई. पण मंग हे रोडवर पुन्हा उतरणार नाई. ट्रकवर बसून जाईन, ट्रकवर बसून येईन. कबूल?"

मी कबूल म्हटलं. बायकोला साखर सोडतो असं मी ज्या सहजतेने कबूल करतो, त्याच सहजतेने. मिस्त्रींनी खिशातून पाना काढला, पुढची आणि मागची नंबरप्लेट सोडवली आणि दोन्ही काखेत मारून चालू लागले. ट्रॅक्टर त्यांच्या मागून आला.

मला वाटलं होतं, आता इंजिन मोठं होईल, धुराडं गुरगुरेल. मिस्त्रींनी इंजिनाला हातही लावला नाही. "पळन ते कोणीबी," ते म्हणत, "थांबन कोण?" त्यांचा सगळा जीव ब्रेकमध्ये. नवे पॅड, नव्या नळ्या, न उकळणारं महागडं तेल. त्यानंतर काढाकाढी सुरू झाली. त्यांचा नियम एकच होता: "जे तुले धरून ठेवत नाई, ते काढून टाक." गालिचे गेले. शेजारची सीट गेली. दारांचे आतले पुठ्ठे, टेप, स्पीकर, डिकीचं अस्तर गेलं. संक्रांतीला एसी गेला. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या गाडीतून एसी काढणं म्हणजे काय, हे थंडीत कळत नाही; मे महिन्यात मी हेल्मेट घालून त्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या भुवया शिजल्या.

डॅशबोर्डवर माझा एक लहानसा गणपती होता, चिकटपट्टीने बसवलेला. मिस्त्री त्याच्यापुढे पाना घेऊन बराच वेळ या पायावरून त्या पायावर झाले.

"यालेबी काढता?" मी विचारलं.

"गाडी उलटली तं तो उडते. अन् उडला तं तुह्याच डोक्यात बसते. घरी ने त्याले. तिथून पाह्यते तो."

सगळं काढून झाल्यावर मिस्त्रींनी रिकाम्या पत्र्यावर टिचकी मारली, मग माझ्याकडे वळून माझ्या पोटावर तशीच टिचकी मारली. "आता तूच राह्यला. चौदा किलो काढ." तेव्हापासून रोज सकाळी मला त्यांच्यासोबत चालावं लागे. मी चौदा किलो कमी केले. बायको चार म्हणते, पण तिच्याकडे काटा नाही.

आता माझ्या पापाकडे येतो. कापसाचा हंगाम चालू होता. मिस्त्री एका दुपारी त्यांच्या बंजारा तांड्यावर लग्नाला गेले आणि गाडी माझ्यापुढे उघडी उभी होती. आत एक सीट, चार चाकं, स्टिअरिंग आणि हलका झालेला पत्रा. एवढी हलकी गाडी नुसती उभी आहे, हे मला बघवेना. मी नंबरप्लेटशिवाय महागावपर्यंत जाऊन आलो. कोणी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांना काय पाहिलं ते कळायच्या आत मी गेलो होतो. परत आणून ती होती तशी उभी केली, वर धूळसुद्धा फुंकली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, वाकले आणि रेडिएटरच्या जाळीतून बोटभर कापूस उपटून माझ्यापुढे धरला. हंगामात आमच्याकडचे रस्ते कडेने पांढरे असतात. गाड्यांतून सांडलेला कापूस वाऱ्याने फिरत राहतो. हे मला माहीत होतं. जाळीला माहीत असेल, असं वाटलं नव्हतं.

"कुठी गेलता?"

"कुठीच नाई."

"मंग हे गाडी उभ्या उभ्या कापूस पिकवून राह्यली काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मधला नट सोडवला, स्टिअरिंगचं चाक काढलं, खांद्याला पर्ससारखं अडकवलं आणि घरी निघून गेले.

पंधरा दिवस काम बंद. मी रोज जाई, ते रोज दुसऱ्याच कोणाच्या ट्रॉलीचा ओढायचा दांडा वेल्ड करत असत आणि माझ्याकडे बघत नसत. माझ्या घरी मात्र आनंद होता. कॉलेजात शिकणारी माझी लेक रोज संध्याकाळी विचारी, "बाबा, आज स्टिअरिंग दिलं का तुमच्या हेडमास्तरांनी?"

सोळाव्या दिवशी मी गॅरेजात टायरवर तोंड पाडून बसलो होतो. बाहेर एक गाडी थांबली. पस्तिशीचा एक हसरा माणूस बगलेत कुबडी धरून आत आला आणि थेट त्या खुर्चीवर बसला. प्लास्टिक करकरलं.

मी मिस्त्रींच्या आवाजात म्हटलं, "ते नाई भाऊ. टायरवर बसा."

"ही माह्यीच हाये," तो म्हणाला. "काकांनी माह्यासाठीच घेतली. वर्षातून एकदा येतो मी राजूरहून. येतो, बसतो, जातो." त्याने पँटची उजवी बाजू सरळ केली. गुडघ्याखाली काही नव्हतं.

मग त्याने सांगितलं. आठ वर्षांपूर्वी तोही एक गाडी घेऊन इथे आला होता. वडिलांचे कोळशाचे ट्रक, खिशात जवानी. त्याला इंजिन जोरात हवं होतं, आणि मिस्त्री त्या कामात असे होते की नागपूरची पोरं इथे रांगा लावत. इंजिन झालं. मिस्त्री म्हणाले, आता ब्रेक करून देतो, एक दिवस थांब. हा म्हणाला, उद्या आणतो काका, आज मित्रांना दाखवू द्या. मिस्त्री म्हणाले, बरं.

"त्याच दिवशी राजूरच्या वळणावर समोर कोळशाचा ट्रक होता. मी ब्रेक दाबला. गाडी काही थांबली नाई. काकांना फोन आला तवा ते इथीच बसून चहा पिऊन राह्यले होते. तवापासून बसत नाईत." त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "घाई माही होती. आठ वर्षं झाली सांगून राह्यलो, काका, घाई माही होती, तुम्ही बसा आता. ऐकतच नाईत. मले बसवतात, अन् स्वतः माह्या गाडीचे ब्रेक पाहाले जातात."

मागच्या दारातून काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, पाणी घेऊन आल्या. पाहुण्याला तांब्या दिला आणि माझ्यावर नजर रोखली. "अन् काहो भाऊ, तुम्ही? लग्नात अकरा फेरे घेतले म्हणे आमच्या ह्यांनी? लग्नात तर हे असे मांडी घालून बसले होते का उठवाले दोन मानसं लागले. सासरी आले का बाजेवरून हालत नव्हते. पूर्ण तांडा यायले बसक्या म्हने."

आठ वर्षं ज्या चालण्यावर मी गोष्टी रचून चौकात टाळ्या घेतल्या, ते चालणं त्या एका फोनपासून सुरू झालं होतं.

मी बाहेर गेलो. मिस्त्री खरंच पाहुण्याच्या गाडीखाली डोकं घालून आले होते आणि आता कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. मी त्यांच्या बाजूने चालू लागलो. खिशातली गाडीची दुसरी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"मिस्त्री, गेलतो मी. महागावपर्यंत."

"मालूम हाये. कितीनं?"

"साठ."

ते चालत राहिले.

"एकशे तीस," मी म्हटलं.

अजून दोन चकरा झाल्या. "उद्या ये," ते म्हणाले. "पाइप आला हाये."

तो पाइप पिंजऱ्याचा होता. ट्रॅकच्या गाडीत माणसाभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात. गाडी उलटली, आपटली तरी पत्रा चेपतो, पिंजरा चेपत नाही, आत माणूस तसाच राहतो. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी त्याच पाइपाचे तुकडे घेऊन वीस सांधे नुसते सरावाला जोडले आणि वीसही करवतीने चिरून पाहिले. वेल्डिंग वरवर बसलं की आत शिरलं, एवढंच बघायचं. मला प्रत्येक काप दाखवत. "हे पाह्य, पोटात उतरलं. हे पाह्य, नुसतं कातडीवर हाये. हेच तुले मारन." गाडीतला पिंजरा पूर्ण झाला, रंगही दिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मागचे दोन सांधे कापलेले. मी विचारलं, काय बिघडलं? म्हणाले, "काई नाई. रात्री झोप नाई आली, मंग म्हटलं तेच असतील."

पिंजऱ्यानंतर अंगाला वाटीसारखी घट्ट धरणारी सीट आली. सहा पट्टे आले; ते आवळले की मला फक्त डोळे हलवता येत. हाताशी आग विझवायची नळी, बाहेरून ओढली की सगळी वीज तोडणारी दोरी, पुढे गाडी ओढायला कडी. माझी लेक बघायला आली होती. ती म्हणाली, "काका, हा पट्टा घरीपण बसवून द्या ना यांच्या खुर्चीला." मिस्त्री तिच्याकडे पाहून पहिल्यांदा मोकळे हसले. मला वाटतं, पट्ट्याची गरज मला घरीच जास्त आहे, असं त्यांनाही वाटलं असावं.

मग वजनाचा घोळ झाला. चारही चाकांवर भार नेमका हवा, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. मिस्त्रींना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या रक्तातच ते होतं. "आमच्या पणज्याची लदेणी होती," ते सांगत. "बैलाच्या पाठीवर मीठ लादून देशोदेशी. एका अंगी शेरभर जास्त झालं तं बैल बोलत नाई, चार कोसावर बसते. गाडीबी बोलत नाई. वळणावर सांगते."

शहरात यासाठी वेगळे काटे मिळतात म्हणे. आम्ही बाजार समितीतून धान्याचे चार काटे आणले, कारण हंगाम संपला होता, आणि काट्यांसोबत चार मापारीही आले, कारण त्यांना करमत नव्हतं. एकेका चाकाखाली एकेक काटा. मी हेल्मेट घालून, सहा पट्ट्यांत बांधून आत. मापारी आकडा पुकारी, मिस्त्री पाटीवर लिहीत, स्प्रिंग खालीवर करत. पुढचा डावा कोपरा दर वेळी अडीच किलो कमी. चार दिवस मी त्या भट्टीत बसलो. चार दिवस मिस्त्री गाडीभोवती फिरले; फरशीवर गोल उमटला. स्प्रिंग बदलली, कोपरा अडीच किलो कमी. काटा बदलला, अडीच किलो कमी. पाचव्या दिवशी त्यांनी मापारी बदलले, डावीकडचा म्हातारा उजवीकडे नेला. आणि आता उजवा कोपरा अडीच किलो कमी.

मिस्त्री त्याच्यापुढे उभे राहिले. "बुढेबाबा, तुम्ही काय पुकारून राह्यले?"

"वजन."

"काट्यावर जेवढं हाय तेवढं?"

"बारदाना कापून," म्हातारा शांतपणे म्हणाला. तीस वर्षं मापारी होता तो. क्विंटलमागे पोत्याचं वजन एक किलो, हे त्याच्या जिभेवरच कापलं जाई, डोक्यापर्यंत जातच नसे.

"पण याच्यात पोतं कुठी हाये?"

म्हाताऱ्याने काचेतून आत पाहिलं. हेल्मेट, पट्टे, घाम, मी. "हे काय बसलं हाये," तो म्हणाला.

पोळा झाला आणि आम्ही निघालो. शर्यतीचा ट्रॅक इथून खाली दक्षिणेत, ट्रकने दोन दिवस. गाडी ट्रकवर, मी केबिनमध्ये, मिस्त्री कधी केबिनमध्ये उभे, कधी रस्त्यावर. ट्रक चहाला थांबला की ते पुढे चालू लागत आणि ट्रक त्यांना वाटेत गाठी. ड्रायव्हर म्हणाला, अजून दोन चहा घेतले असते तर हे आपल्या आधी पोहोचले असते.

ट्रॅकवरचा तपासनीस आरसा आणि बॅटरी घेऊन आला. तो त्याच्या भाषेत बोले, मिस्त्री वऱ्हाडीत, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. त्याने पिंजऱ्याचा एकेक सांधा बोटाने चाचपला. मागच्या दोन सांध्यांपाशी थांबला, अंगठा वर केला आणि कोणी केलं अशी खूण केली. मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यासाठी केलं." प्रश्न तो नव्हता, पण त्यांच्या लेखी तोच होता.

पहिल्या दोन खेपा झकास गेल्या. मी कोणत्या वेगाने गेलो, हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून खरं सांगतो: मी सगळ्यात मागे होतो. तेच मला खटकलं. तिसऱ्या खेपेला दुपारी दोन वाजता मी एका वळणावर ब्रेक उशिरा मारायचं ठरवलं. ब्रेक लागले, चोख लागले, गाडी सरळ रेषेत मंदावली. चूक ब्रेकची नव्हती. वळण संपायच्या आधीच मी पुन्हा वेग दिला, बाहेरची चाकं मातीत उतरली, रुतली, आणि आभाळ खाली आलं. लोक म्हणतात दीड पलटी झाली. मी आत होतो. पाच तरी असतील.

थांबलो तेव्हा मी उलटा टांगलेला होतो. डोक्याखाली पिंजरा, पिंजऱ्याखाली चेपलेलं छत, सगळीकडे लाल धूळ. डोक्यात पडायला वर काही नव्हतंच. गणपती घरून बघत होता. मला एवढंच सुचलं की हात लांब करून वीज तोडावी. ती आधीच कोणीतरी बाहेरून दोरी ओढून तोडली होती.

मिस्त्री ट्रॅक ओलांडून आले होते. चालू ट्रॅकवर पाय ठेवायला सक्त मनाई होती. त्यांच्यामागे झेंडेवाले दोन जण धावत होते. खिडकीच्या जाळीशी त्यांचं तोंड दिसलं, सरळ, म्हणजे मला उलटं.

"हात हालव."

हलवला.

"दुसरा."

तोही हलवला.

"पाय?"

"हालते, मिस्त्री."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मोजून सांग."

मी बूट आपटले, एकेक. "एक. दोन."

मिस्त्रींनी जाळीवरचा हात काढला आणि खाली बसले. गवतावर, मांडी घालून. मला सोडवून बाहेर काढलं, मी उभा राहिलो, पाणी प्यालो, मी मजेत असल्याचं चार भाषांत सांगितलं, तरी ते उठले नाहीत. डॉक्टर आले ते मला सोडून आधी त्यांच्याकडे गेले, नाडी धरून बसले. मी हातातलं घड्याळ पाहिलं होतं. सव्वीस मिनिटं. यात मी एक मिनिटही वाढवलेलं नाही.

मग त्यांनी फोन मागून राजूरला लावला. "थांबली," म्हणाले. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाई, नाई. उलटली, पण थांबली. दोन्ही हायेत. मोजले." मग ऐकता ऐकता डोळ्यांना उपरण्याचं टोक लावत राहिले.

परत आल्यावर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी राजूरचा पाहुणा आला, तो बसला नाही. कुबडीवर रेलून उभा राहिला आणि खुर्चीकडे मानेने खूण केली. काकूंनी विळीने प्लास्टिक कापलं. मिस्त्री आधी कडेवर टेकले, मग मागे रेलले, आणि पाचच मिनिटांत घोरू लागले. आठ वर्षांची झोप होती ती.

त्यानंतरचं वर्ष त्यांनी त्या खुर्चीवर बसून काढलं. तांड्याला बसक्या परत मिळाला. माझी गाडी त्यांनी तशीच बसून पुन्हा उभी केली. एकदा आपटलेला पिंजरा फेकला, नवा घातला, सांधे जोडताना खुर्ची गाडीभोवती सरकवत नेली. आता घाई ते करत नव्हते, मी करत होतो. "काहून फिरून राह्यला माशीसारखा?" ते म्हणत. "बस ना." दुसरा पिंजरा रंगवून झाला त्याच्या पुढच्या महिन्यात, एका दुपारी, चहाचा कप हातात असताना मिस्त्री बसल्या बसल्या गेले. चौकात बातमी आली तेव्हा निम्म्या लोकांचा विश्वास बसेना. म्हणाले, चालता चालता गेले असतील, हा भाऊ काहीही सांगतो.

काकूंनी खुर्ची माझ्याकडे पाठवली. राजूरच्या पाहुण्याला विचारून पाठवली. स्टिअरिंगचं एक जुनं चाक आणि दोन नंबरप्लेटा सोबत होत्या. मी त्या अजून गाडीला लावलेल्या नाहीत.

गाडी आता माझी लेक चालवते. तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती माझ्यापेक्षा वेगात जाते आणि हे मी चौकात अजिबात वाढवून सांगत नाही, कारण खरं तेवढंच मला पुरे होतं. ट्रकवर गाडीशेजारी खुर्चीही येते. ट्रॅकच्या कुंपणाशी मी ती मांडतो, आणि लेक पट्टे आवळून निघाली की मी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटतो. कुंपणाशी आता माझी पायवाट पडली आहे. गेल्या खेपेला एका दुसऱ्या मुलीच्या बापाने विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का? मी चालता चालताच म्हटलं, "ते नाई भाऊ."

खेप संपते, गाडी आत येते, इंजिन बंद होतं. लेक हेल्मेट काढते. मी खिडकीशी वाकतो.

"पाय?"

"दोन, बाबा," ती म्हणते.

मग मी बसतो.